चढाला दम टाकणारी एटीव्ही: क्लच स्प्रिंग कशी निवडायची, कशी बदलायची

पसरणी घाट वाईपासून सुरू होतो आणि अवघ्या बारा-तेरा किलोमीटरमध्ये आपल्याला सातशे मीटरच्या आसपासच्या उंचीवरून पाचगणीच्या १,३०० मीटरवर नेऊन सोडतो. एवढ्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने साधारण १२ टक्क्यांनी विरळ होते, म्हणजे इंजिनाची ताकदही ढोबळमानाने तेवढीच कमी होते. खाली वाईत सरळ चालणारी एटीव्ही (जाड टायरांची, रानवाटांवर चालवायची चारचाकी) वर गेली की चढाला दम टाकते. मग मालक म्हणतो, "क्लच गेला वाटतं, जरा टाईट स्प्रिंग टाका." गेली काही वर्षं पाचगणी, भिलार, महाबळेश्वरकडच्या रिसॉर्टच्या गाड्या माझ्याकडे दुरुस्तीला येतात आणि हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो. या लेखात जे सांगणार आहे ते सगळं त्या वाक्याचं उत्तर आहे.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. स्प्रिंगने ताकद वाढत नाही. इंजिन मिनिटाला ज्या फेऱ्यांना सगळ्यात जास्त ताकद देतं, त्या फेऱ्यांवर त्याला धरून ठेवणं एवढंच क्लचचं काम आहे. त्यामुळे गाडी आत्ता किती फेऱ्यांवर उचल घेते, म्हणजे हलायला लागते, आणि पूर्ण थ्रॉटलला कितीवर फिरते, हे मोजल्याशिवाय स्प्रिंग विकत घेऊ नका.

आधी आपल्या गाडीत कोणता क्लच आहे ते ओळखा

एटीव्हीत "क्लच स्प्रिंग" हे नाव चार वेगवेगळ्या वस्तूंना लावतात, आणि दुकानात निम्मे घोळ इथेच होतात.

बहुतेक मोठ्या गाड्यांत पट्ट्याचा क्लच असतो. आपल्या स्कूटरला असतो तसाच, फक्त दांडगा. इंजिनाच्या बाजूची पुली म्हणजे प्रायमरी आणि गिअरबॉक्सच्या बाजूची म्हणजे सेकंडरी. प्रायमरीतली स्प्रिंग पुलीच्या दोन थाळ्यांना एकमेकींपासून लांब ढकलते. आतली वजनं फेऱ्या वाढल्या की बाहेर फेकली जातात आणि थाळ्या जवळ आणतात. स्प्रिंग हरली की पट्टा पकडला जातो आणि गाडी हलते. सेकंडरीतली स्प्रिंग याच्या उलट वागते, ती थाळ्या आवळून पट्टा घट्ट धरते.

स्कूटरमध्ये, आणि स्कूटरचंच इंजिन बसवलेल्या दीडशे सीसीच्या एटीव्हीत, प्रायमरीत स्प्रिंग नसते, नुसते रोलर असतात. तिथे मागच्या पुलीत एक मोठी स्प्रिंग असते आणि क्लचच्या शूंना (फेऱ्या वाढल्या की बाहेर फेकले जाऊन पकड घेणारे तुकडे) तीन छोट्या स्प्रिंगा. गाडी कितीवर उचल घ्यायची हे त्या तीन छोट्या ठरवतात. तिसरा प्रकार ११०-१२५ सीसीच्या मुलांच्या गाड्यांचा. तेलात बुडालेला शूंचा क्लच आणि पुढे गिअर. काही मोठ्या गाड्यांतही पट्ट्याच्या आधी असा तेलातला शूंचा क्लच असतो. तिथे पट्टा कायम आवळलेला असतो, त्यामुळे प्रायमरीची स्प्रिंग शोधत बसू नका, ती नसतेच. चौथा प्रकार हातात क्लचची दांडी असलेल्या स्पोर्ट गाड्यांचा. प्लेटांचा क्लच, मोटरसायकलसारखा. त्याबद्दल शेवटी थोडक्यात सांगतो.

पुढचं सगळं मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल आहे. आपल्या भागातल्या वजनदार गाड्या त्याच आहेत आणि चुकाही तिथेच जास्त होतात.

मोजणी

फेऱ्या दाखवणारा मीटर गाडीत असेल तर उत्तम. नसेल तर स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल मीटर घ्या. तोही न घेता जो स्प्रिंग बदलतो तो अंदाजाने औषध देतो.

इंजिन चांगलं गरम होऊ द्या. सपाट जागेवर थ्रॉटल अगदी हळूहळू द्या आणि गाडी सरकायला लागते त्या क्षणाचा आकडा लिहून ठेवा. हा झाला उचलीचा आकडा. मग मोकळ्या, लांब, हलक्या चढाच्या जागेवर थ्रॉटल पूर्ण दाबा आणि वेग वाढत असताना फेऱ्या कुठे स्थिरावतात ते बघा. तिसरी चाचणी सगळ्यात बोलकी असते. सपाटीवरून वेगात येऊन तसंच चढाला लागा. फेऱ्या थोड्या पडून लगेच वर आल्या तर सेकंडरी जागी आहे. फेऱ्या पडल्या आणि पडूनच राहिल्या, इंजिन गुरगुरत राहिलं, तर पट्टा खालच्या गिअरला परत येत नाहीये.

ही चाचणी स्वतःच्या रानात किंवा परवानगी असलेल्या जागेतच घ्या. कासच्या पठारावर तर चाक घालूच नका. जांभ्यावरचा तो मातीचा थर बोटभरही जाड नसतो आणि एकदा चाकाने उकरला की पुढच्या पावसात वाहून जातो.

स्प्रिंगेवर आळ घेण्याआधी बाकीची चार कारणं निकालात काढा. एअर फिल्टर आमच्याकडच्या तांबड्या धुळीने बुजला आहे का? ब्रेक कुठे घासतोय का? इंजिन आयडलला जास्त फिरतंय का? आणि पट्टा किती झिजला आहे? व्हर्नियरने पट्ट्याची रुंदी मोजा. नव्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर कमी भरली तर आधी पट्टा बदला. अरुंद पट्टा पुलीला पकडायला उशीर लागतो, आणि त्या उशिराचं खापर स्प्रिंगेवर फुटतं.

स्प्रिंगेवरचे दोन आकडे

प्रायमरीच्या स्प्रिंगेला सहसा दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १२०/३००. हे पौंडात असतात. पहिला आकडा म्हणजे क्लचमध्ये बसवल्यावर, गाडी उभी असताना, स्प्रिंग किती जोर लावते. दुसरा म्हणजे पुली पूर्ण मिटल्यावर ती किती जोर लावते. पौंडाला २.२ ने भागा म्हणजे किलो मिळतात. १२० पौंड म्हणजे साधारण ५४ किलो, गव्हाच्या भरल्या पोत्याएवढा जोर. झाकण उघडताना हा आकडा डोक्यात ठेवा.

पहिला आकडा उचल ठरवतो. दुसरा आकडा, वजनांच्या जोडीने, पूर्ण थ्रॉटलच्या फेऱ्या ठरवतो. म्हणून नुसती "टाईट स्प्रिंग" असं काही नसतं. १२०/३०० च्या जागी १५०/३०० टाकली तर गाडी उशिरा उचल घेईल, पण वरच्या फेऱ्यांत फारसा फरक पडणार नाही. १२०/३४० टाकली तर उचल तीच राहील आणि वरच्या फेऱ्या वाढतील. (हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या गाडीचे मॅन्युअलमध्ये बघा.)

किती फरक पडेल याचा अंदाज आधी कागदावर येतो. वजनांचा बाहेर फेकला जाणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे स्प्रिंगेचा पहिला आकडा २० टक्क्यांनी वाढवला तर उचल २० टक्क्यांनी नाही, सुमारे साडेनऊ टक्क्यांनी वाढते. १,६०० ला उचल घेणारी गाडी साधारण १,७५० ला घेईल. हा हिशोब मी प्रत्येक गिऱ्हाइकासमोर मांडतो, कारण तो बघितल्यावर माणूस उगाच दुप्पट जोराची स्प्रिंग मागत नाही.

रंगावर मात्र विश्वास ठेवू नका. एका कंपनीची लाल आणि दुसऱ्या कंपनीची लाल यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. पार्ट नंबर आणि दोन आकडे, एवढंच बघा. जुन्या स्प्रिंगेचे आकडे माहीत नसतील तर उभ्या ड्रिल मशिनखाली धान्य तोलायचा सपाट वजनकाटा ठेवा. स्प्रिंग आतून घट्ट बसणाऱ्या एका सळईवर ओवा, म्हणजे ती उडणार नाही. ड्रिलच्या दांड्याने, मशिन बंद ठेवून, ती बसवलेल्या लांबीएवढी दाबा आणि काट्यावरचा आकडा वाचा. नव्या स्प्रिंगेशी तुलना केली की जुनी किती ढिली पडली ते किलोत कळतं.

आता निवड

गाडी आयडललाच पुढे सरकते, गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो आणि आयडल बरोबर आहे. अशा वेळी प्रायमरीची स्प्रिंग ढिली पडली आहे किंवा तुटली आहे. कंपनीची मूळ स्प्रिंग टाका, प्रयोग करू नका. रिसॉर्टच्या गाड्यांत दिवसभर थांब-चाल, थांब-चाल होते, त्यामुळे हे दुखणं तिथे लवकर येतं.

पूर्ण थ्रॉटलला फेऱ्या कमी पडतात. समजा इंजिनाची खरी ताकद ६,२०० फेऱ्यांना आहे आणि गाडी ५,८०० लाच अडकते. पाचगणीच्या उंचीवर हे होणारच, कारण वजनं खालच्या हवेच्या ताकदीला जुळवलेली असतात. इथे स्प्रिंगेआधी वजनं हलकी करून बघावीत, असं माझं मत आहे. एका वेळी प्रत्येक वजनात दोन ग्रॅम कमी करा आणि पुन्हा मोजा. वजनं बदलल्याने उचलीवर तुलनेने कमी परिणाम होतो आणि वरच्या फेऱ्या जागेवर येतात. पुष्कळ कंपन्या उंचीप्रमाणे वजन आणि स्प्रिंग यांचा तक्ताच मॅन्युअलमध्ये देतात. तो आधी बघा. सगळी वजनं एकसारखी हवीत. सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या, दहाव्या ग्रॅमापर्यंत.

फेऱ्या बरोबर आहेत, पण चढाला गाडी मरते. ही सेकंडरीची तक्रार आहे. तिची स्प्रिंग पिळाची असेल तर थाळीवर दोन-तीन भोकं दिलेली असतात. स्प्रिंगेचं टोक एक भोक पुढे अडकवलं की ताण वाढतो आणि पट्टा चढाला लवकर खाली परततो. नवी स्प्रिंग घेण्याआधी हा फुकटचा उपाय करून बघा.

मोठे टायर घातलेत? २५ इंचाच्या जागी २७ इंच म्हणजे गिअर आठ टक्क्यांनी जड झाला. दोन पर्यटक मागे-पुढे बसवून भिलारच्या चढावर न्यायची गाडी असेल तर सेकंडरी थोडी कडक आणि वजनं थोडी हलकी, असा जोड लागतो. नुसती प्रायमरी कडक केली तर उचलीला गाडी झटका देते, आणि नवशिका माणूस त्या झटक्याने मागे कलंडतो. माणसांना फिरवायच्या गाडीत उचल मऊच हवी. यावर मी कधीच तडजोड करत नाही, मालक कितीही "पिकअप, पिकअप" म्हणाला तरी.

आणि कडकपणालाही हद्द आहे. सेकंडरी गरजेपेक्षा कडक केली की पट्टा सतत चिरडला जातो, तापतो, वरचा वेग जातो.

प्रत्यक्ष बदलणं

पावसाळा या कामाला चांगला. जून ते सप्टेंबर वरच्या गाड्या उभ्याच असतात.

गाडी पूर्ण थंड होऊ द्या, न्यूट्रलला ठेवा, चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. बाहेरून धुवा, पण क्लचच्या हवेच्या नळ्यांची तोंडं आधी पिशवीने बांधा. सीट आणि बाजूचं प्लॅस्टिक काढलं की क्लचचं बाहेरचं झाकण दिसतं. बोल्ट कुठले लांब आणि कुठले आखूड ते पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढून तिथेच खोचून ठेवा. आत तांबडी पेंड साचलेली असेल. ब्रशने आणि हलक्या हवेने काढा, पण तोंडाला फडकं बांधून, कारण त्यात पट्ट्याची भुकटी असते.

पट्ट्यावर बाण काढा, तो ज्या दिशेने फिरत होता त्याच दिशेने परत बसला पाहिजे. सेकंडरीच्या थाळ्या त्यासाठीच्या टूलने किंवा दिलेल्या बोल्टने फाकवा आणि पट्टा उतरवा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. थाळीला एक ओरखडा पडला तरी तो नवा पट्टा खातो.

आता प्रायमरी. पुष्कळ गाड्यांत पुली क्रँकवरून (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरून) न काढताच तिचं पुढचं झाकण काढून स्प्रिंग बदलता येते. तसं होत असेल तर तसंच करा. पुली उतरवायचीच असेल तर तिचा खास पुलर लागतो. हातोड्याने ठोकून काढलेल्या पुलीने वाकलेला क्रँक मी पाहिला आहे, आणि तो खर्च पुलरच्या कितीतरी पट होता. झाकण, आतला भाग आणि थाळी यांवर कंपनीच्या खुणा असतात. नसतील तर मार्करने स्वतः करा. ते भाग एकत्र तोललेले असतात, खुणा चुकल्या तर पुली थरथरते.

झाकणाचे बोल्ट एकेक करून पूर्ण काढायचे नाहीत. समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी त्याच आट्यांचे पण लांब बोल्ट घाला. मग बाकीचे काढा. आता ते दोन लांब बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा. स्प्रिंग आपला जोर हळूहळू सोडते आणि झाकण सरळ बाहेर येतं. सुरुवातीच्या काळात मी घाईत शेवटचे दोन मूळ बोल्टच सरळ काढले होते. झाकण सुटून मनगटावर बसलं आणि तीन आठवडे हात गळ्यात होता. ते पन्नास किलोचं पोतं मी म्हणालो ना, ते हेच.

स्प्रिंग बाहेर आली की घाई करू नका, आतला क्लच वाचा. वजनांचा पाठीचा भाग गुळगुळीत, सलग वळणाचा हवा. त्यावर चपटा डाग किंवा खड्डा पडला असेल तर फेऱ्या तिथेच अडखळतात आणि कितीही चांगली स्प्रिंग टाकली तरी अडखळणारच. रोलर बोटाने फिरवून बघा. बुश आणि सरकणारे प्लॅस्टिकचे तुकडे ढिले आहेत का ते थाळी हलवून बघा. जुन्या स्प्रिंगेवर गंजाचे खड्डे असतील तर तडा तिथूनच जातो. आमच्या पावसात उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं.

थाळ्या ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडक्याने पुसा. ग्रीस किंवा तेल इथे कुठेच लावायचं नाही, बोटाचंही नाही. नवी स्प्रिंग बसवा, तिची दोन्ही टोकं आपापल्या खाचेत टेकली आहेत का ते बघा, खुणा जुळवा आणि तेच दोन लांब बोल्ट आळीपाळीने आवळत झाकण खाली आणा. बाकीचे बोल्ट लागले की लांब बोल्ट काढून मूळचे लावा आणि टॉर्क पान्याने समोरासमोर आवळा. या छोट्या बोल्टांना बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास ताण लागतो, पण आकडा मॅन्युअलचाच धरा. हवेच्या गनला हात लावू नका.

सेकंडरीची स्प्रिंग बदलताना पिळाच्या स्प्रिंगेला दाबणं आणि पिळणं दोन्ही लागतं. कोणत्या भोकात टोक होतं त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मगच सोडा.

पट्टा बाणाच्या दिशेने चढवा, सेकंडरी हाताने काही वेळा फिरवून पट्टा वर येऊ द्या आणि झाकणाचं रबर नीट बसवून बंद करा. झाकण उघडं ठेवून इंजिन रेस करून बघायचा मोह आवरा. तुटलेला पट्टा समोरच्याच्या तोंडावर येतो.

बदलल्यानंतर

बंद करण्याआधी प्रायमरीच्या थाळीवर आतून बाहेरपर्यंत मार्करची एक सरळ रेघ मारा. गाडी चालवून आल्यावर झाकण उघडलं की पट्ट्याने रेघ कुठपर्यंत पुसली ते दिसतं. पट्टा वरच्या कडेपर्यंत पोहोचला नसेल आणि फेऱ्याही जास्त दिसत असतील तर स्प्रिंगा गरजेपेक्षा कडक झाल्या.

मग आधीच्याच तीन चाचण्या, त्याच जागी, तेवढंच वजन गाडीवर ठेवून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्प्रिंग आणि वजनं एकदम बदलली की फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही. चढाच्या चाचणीनंतर इंजिन बंद करून लगेच पुल्यांचं तापमान बघा. लांबून तापमान मोजायची गन असेल तर ती वापरा, नसेल तर हात जपून जवळ न्या. थाळीला दोन क्षण हात लावता आला तर काम जमलं. हात जवळही नेववत नसेल तर पट्टा घसरतोय. पट्टाही नवा असेल तर पहिले ५०-८० किलोमीटर पूर्ण थ्रॉटल देऊ नका, ओझं घेऊ नका.

प्लेटांच्या क्लचबद्दल, म्हणालो होतो तसं, थोडक्यात. तिथे चार ते सहा स्प्रिंगा असतात आणि त्या सगळ्या एकदमच बदलायच्या. जुन्यांची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजा. मॅन्युअलच्या हद्दीपेक्षा एकही आखूड भरली तर पूर्ण संच घ्या. प्लेटा जळलेल्या असताना नुसत्या कडक स्प्रिंगा टाकल्या तर दांडी जड होते आणि घसरणं महिन्याभरात परत येतं. बोल्ट इथेही समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे. ते ॲल्युमिनियमच्या आट्यांत जातात आणि जोर लावला की आट्या सोलून येतात.

काढलेली स्प्रिंग चांगली असेल तर फेकू नका. तिला तारेने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा: गाडी कोणती, दोन आकडे, उचल कितीवर होती, वरच्या फेऱ्या किती होत्या, कोणत्या उंचीवर. माझ्या भिंतीवर अशा स्प्रिंगा खिळ्यांना लटकवल्या आहेत. ऑक्टोबरात वरची गाडी कुणी खाली वाईच्या शेतावर न्यायला घेतली, की त्यातलीच एक उतरवून परत तिच्यात जाते.